पिंग लाल झाला की…

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. परभणीचा जिंतूर रस्ता सोडून गाडीवाटेने दोनेक किलोमीटर आत गेलं की कडुनिंबाखाली एक विहीर लागते. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. गव्हाच्या ओंब्यांत दाणा भरत होता आणि त्याला पाणी चाललं होतं. थ्री फेज लाइट या आठवड्यात रात्रीची, पुढच्या आठवड्यात दिवसाची. दांडातून पाणी येतं, एक सारा भरतो, खोऱ्याने बांध फोडून ते पुढच्या साऱ्यात वळवायचं. एक सारा भरायला बारा ते पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ दारं धरणाऱ्याला काही काम नसतं, पण झोपताही येत नाही.

कृषी विद्यापीठात बी.एस्सी. अॅग्रीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला हा मुलगा शनिवार-रविवार गावी येतो आणि वडिलांऐवजी रात्री पाण्यावर जातो. कपाळाला बॅटरीचा पट्टा, पायात चिखल, हातात एक जाडजूड इंग्रजी कादंबरी. पुण्यात कामाला असलेल्या चुलतभावाने रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून आणलेली. मी ती हातात घेऊन चाळली. दर तीन-चार पानांनी समासात काळ्या मातीचा अंगठा उमटलेला होता. सारा भरला की पुस्तक उलटं ठेवायचं, दार मोडायचं, हात पँटला पुसून पुन्हा पुस्तक उचलायचं. ‘‘एका साऱ्यात चार पानं होतेत,’’ तो म्हणाला. ‘‘शब्द अडला की तीनच.’’

आधी याच वेळात तो मोबाइलवर गेम खेळायचा. वर्गातल्या तिघांसोबत स्क्वॉड होतं. पण विहिरीवर नेट टिकत नाही. आपल्या मोबाइलवरून निघालेला इशारा कंपनीच्या सर्व्हरला पोचून परत यायला जो वेळ लागतो, त्याला खेळणारे ‘पिंग’ म्हणतात. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. पडद्याच्या कोपऱ्यात तो आकडा असतो. हिरवा असेल तर ठीक. लाल झाला की आपण झाडाआड लपलो असं आपल्याला वाटतं, पण समोरच्याने तोवर आपल्याला मारलेलं असतं. ‘‘आपण मेलोय हे आपल्यालाच उशिरा कळतं, मॅडम. मग काय खेळणार?’’ त्याने पुस्तकाकडे बोट केलं. ‘‘ह्याला पिंग लागत नाही.’’

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘खेळ’ असा कळवला, तेव्हा कबड्डी, कुस्ती, लंगडी यांवर लिहिणारे पुष्कळ असतील हे उघड होतं. मला त्या खेळाकडे जायचं होतं, जो आज खेड्यातला मुलगा सर्वांत जास्त खेळतो. आणि त्याहून थोडं पुढे, त्या खेळांतून जन्मलेल्या विज्ञान कादंबऱ्यांकडे. त्या कादंबऱ्या अमेरिकेत, जपानात, चीनमध्ये लिहिल्या गेल्या. त्या परभणीत वाचल्या की कशा दिसतात, हे मला बघायचं होतं. वाचणारे फार नाहीत. पण जे आहेत ते फार मन लावून वाचतात.

वाळवण

विहिरीवरची कादंबरी होती लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’. २००६ मध्ये ती चीनच्या एका विज्ञानकथा मासिकात क्रमशः आली, २००८ मध्ये पुस्तक झालं, २०१४ मध्ये केन लिऊ यांनी ती इंग्रजीत नेली आणि २०१५ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. आशियाई लेखकाच्या कादंबरीला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. ही कादंबरी लिहिली तेव्हा लिऊ त्सिशिन शान्सी प्रांतातल्या एका औष्णिक वीज केंद्रात संगणक अभियंता होते. हे कळल्यावर तो मुलगा हसला. ‘‘म्हणजे लाइटवालाच की.’’

या कादंबरीच्या पोटात एक गेम आहे. वांग मियाओ नावाचा शास्त्रज्ञ अंगभर संवेदक असलेला पोशाख चढवून त्यात शिरतो. आतलं जग उजाड आहे. तिथे सूर्य कधी उगवेल, किती मोठा असेल, किती दिवस टिकेल, कुणाला सांगता येत नाही. कधी महिनोन्महिने रात्र आणि गोठवणारी थंडी, कधी एकाच दिवसात सगळं जाळून टाकणारं ऊन. मधेच एखादा ‘स्थिर काळ’ येतो. दिवस-रात्र नीट होतात, पेरता येतं, घरं बांधता येतात. आणि मग पुन्हा सगळं बिघडतं. या जगाला तीन सूर्य आहेत. परस्परांना ओढणाऱ्या तीन गोलांची पुढची चाल कायमची सांगून ठेवील असं एखादं सोपं सर्वसाधारण सूत्र गणिताला सापडलेलं नाही, हा भौतिकशास्त्रातला खरा आणि जुना प्रश्न आहे. कादंबरीचं नाव त्यावरूनच पडलं.

मग तिथली माणसं जगतात कशी? बिघडलेला काळ आला की ती अंगातलं सगळं पाणी काढून टाकतात. सुकतात, कातड्यासारखी होतात, त्यांची गुंडाळी करून कोठारात रचून ठेवतात. स्थिर काळ आला की पाण्यात भिजवायची, की पुन्हा माणूस.

इंग्रजी पुस्तकात या क्रियेला ‘डीहायड्रेट’ असा शब्द आहे. मराठीत आपण ‘निर्जलीकरण’ लिहिलं असतं आणि ते दवाखान्यातल्या सलाइनसारखं वाटलं असतं. या मुलाने ही गोष्ट घरी आठवीतल्या धाकट्या भावाला सांगितली तेव्हा त्याच्या तोंडून सहज निघालं, ‘‘मग राजानं हुकूम दिला, सगळ्यांनी वाळवण व्हा.’’ वाळवण! उन्हाळ्यात गच्चीवर, बाजेवर, जुन्या लुगड्यावर घातलेल्या कुरडया, पापड, सांडगे. पावसाळाभर डब्यात राहणारे आणि तेलात टाकले की फुलणारे. हा शब्द ऐकल्यावर मला त्या परग्रहावरची कोठारं एकदम दिसली. कुठल्याही शब्दकोशाने ते केलं नसतं.

पुढे त्याने जे सांगितलं ते मी इतके दिवस मनात घोळवते आहे. गेममध्ये वन नावाचा राजा सम्राटाकडे निघालेला असतो. स्थिर काळ कधी येणार याचं गणित आपल्याला जमलंय, अशी त्याची खात्री असते. तो अंदाज देतो. अंदाज चुकतो. त्याला उकळत्या कढईत टाकतात. ‘‘आमच्याकडं अंदाज चुकला तर सांगणाऱ्याला काही होत नाही,’’ मुलगा म्हणाला. ‘‘कढईत पेरणारा जातो.’’

यात राग नव्हता, नुसती माहिती होती. तो ज्या विद्यापीठात शिकतो तिथून शेतकऱ्यांसाठी हवामानाचा सल्ला निघतो, तो स्वतः तो सल्ला वडिलांना वाचून दाखवतो आणि पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज बराचसा बरोबर येतो हेही सांगतो. पण पेरणीचा निर्णय पाच दिवसांचा नसतो, चार महिन्यांचा असतो. २०१३ मध्ये शेजारचं परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. आणि त्याच मराठवाड्यात सोयाबीनच्या उभ्या गंज्या पुराच्या पाण्यात वाहून जातानाही लोकांनी पाहिल्या आहेत. तीन सूर्यांचं जग बीजिंगच्या किंवा न्यूयॉर्कच्या वाचकाला अद्भुत वाटत असेल. इथे ते ओळखीचं वाटतं. इथला माणूस त्या गेमचे नियम पहिल्याच पानावर समजून घेतो.

तीन मुलं, तीन झेंडे

याच कादंबरीतला आणखी एक प्रसंग मला सेलू तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर भेटला. गेममध्ये न्यूटन आणि फॉन नॉयमान चीनच्या पहिल्या सम्राटाकडे येतात आणि सूर्यांचं गणित सोडवण्यासाठी त्याचं तीन कोटींचं सैन्य मागतात. लढायला नव्हे, त्या सैन्याचा संगणक करायला. प्रत्येक शिपायाच्या हातात काळा आणि पांढरा असे दोन झेंडे. तीन शिपायांचा एक गट. मागच्या दोघांनी काळा वर केला तरच पुढच्याने काळा वर करायचा, नाहीतर पांढरा. एवढा एकच नियम पाळायला अक्कल लागत नाही. पण अशा सोप्या, वेगवेगळ्या नियमांचे गट लाखोंनी एकमेकांना जोडले की मैदानाचं यंत्र होतं.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी ही कादंबरी वाचलेली आहे. सातवीच्या वर्गाला त्यांनी मैदानात उभं केलं. झेंड्यांच्या जागी काळ्या आणि पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे. पहिल्या दहा मिनिटांत नुसता गोंधळ. एक मुलगी सारखी मागे वळून विचारत होती, ‘‘सर, ही दोघं वेगळं दाखवायलेत, मी काय करू?’’ सर म्हणाले, ‘‘दोघं सारखे काळे आहेत का? नाहीत. मग?’’ तिने पांढरा वर केला आणि तिच्या पुढच्या मुलाने तिच्याकडे बघून आपला बदलला. मग त्याच्या पुढच्याने. बारा मुलांची ती ओळ हळूहळू एका सुरात हलायला लागली. आपल्याला उत्तर माहीत नाही आणि तरी आपल्या ओळीतून उत्तर बाहेर पडतं आहे, हे लक्षात आल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

सर मूळचे गंगाखेडचे. लहानपणी त्यांनी स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून गेम खेळलेले. मग टीव्हीला जोडायच्या कॅसेटचे गेम आले. कॅसेट अडकली की काढून फुंकर मारायची. मग सायबर कॅफे, तासाला वीस रुपये, बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरायला आलेला आणि आत रोड रॅश खेळणारा. मग २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि पार्लर, कॅसेट, कॅफे हे तिन्ही खिशात गेलं.

पार्लरचं नाव निघाल्यावर मी त्यांना विल्यम गिब्सन यांची हकीकत सांगितली. व्हँकूव्हरच्या ग्रॅनव्हिल स्ट्रीटवरून जाताना ते पार्लरमधली मुलं बघत. यंत्रावर ओणवी झालेली, अंग ताठ, जणू काचेच्या पलीकडे उतरून जायचं आहे. ही मुलं ज्या जागेत जाऊ बघतायत ती जागा खरीच आहे असं त्यांना वाटतंय, हे गिब्सन यांच्या मनाने टिपलं. त्या जागेला त्यांनी ‘सायबरस्पेस’ हा शब्द दिला, १९८२च्या एका कथेत. मग १९८४ मध्ये ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी आली. ती त्यांनी हाताच्या टाइपरायटरवर लिहिली होती आणि संगणकाचं त्यांना फारसं ज्ञान नव्हतं. त्यांनी यंत्राकडे बघितलंच नाही, यंत्राकडे बघणाऱ्या पोरांच्या पाठींकडे बघितलं. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘आमच्या पाठी कुणी बघितल्या नाहीत. फक्त धपाटे घातले.’’

जपानी कादंबरी, परभणीचा मोबाइल

पोरगं मोबाइल सोडत नाही आणि पुस्तक धरत नाही, ही तक्रार मी या जिल्ह्यात ज्या ज्या घरी गेले तिथे ऐकली. आईवडिलांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. ज्या घरात कापसाचे पैसे वर्षातून एकदा येतात तिथे तासन्‌तास पडद्यात बुडालेला मुलगा बघून जीव घाबरतो. पण मोबाइल एकीकडे आणि पुस्तक दुसरीकडे, ही फाळणी खरी नाही. मोबाइलवरचा तो गेम आला कुठून ते बघायला हवं.

गावोगावी ‘पबजी’ नावाने ओळखला गेलेला खेळ आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीन यांच्या डोक्यातून निघाला. शंभर जणांनी विमानातून बेटावर उतरायचं, हत्यारं शोधायची आणि शेवटचा उरेल तो जिंकला. ही कल्पना त्यांना सुचली ‘बॅटल रोयाल’ या २००० सालच्या जपानी चित्रपटावरून. तो चित्रपट निघाला कौशुन ताकामी यांच्या १९९९च्या कादंबरीवरून. त्या कादंबरीत एका वर्गातली बेचाळीस मुलं बेटावर सोडलेली आहेत. सरकारने त्यांच्या गळ्यात पट्टे अडकवले आहेत आणि नकाशावरचे चौकोन एकेक करून निषिद्ध होत जातात, म्हणजे कुणाला एका जागी लपून राहता येऊ नये. परभणीच्या बसस्थानकाबाहेर चहा पिणारी चार मुलं ‘‘झोन येऊ लागलाय, पळ पळ’’ म्हणून ओरडतात, तो ‘झोन’ एका कादंबरीच्या पानावर आधी आखला गेला.

हे मी त्या चौघांना सांगितलं. पहिल्याने विचारलं, कादंबरीत जिंकतं कोण? दुसऱ्याने विचारलं, रिव्हाइव्ह मिळतं का? म्हणजे पडलेल्याला साथीदार उठवू शकतो का? नाही, म्हटलं. एकदा मेला की मेला, आणि मरणारा तुमच्याच बाकावरचा असतो. तो मुलगा मोबाइलकडे न बघता म्हणाला, ‘‘मग ते लई अवघड हाय.’’

मला वाटतं कादंबरी आणि गेम यांतला सगळा फरक त्याने तेवढ्या शब्दांत पकडला. गेममध्ये मरण स्वस्त असतं, कारण लॉबीत परत येता येतं. म्हणून गेमचं वर्णन करणारी कादंबरी लिहिणं कठीण. दुसरा कुणी खेळतोय आणि आपण नुसतं बघतोय, त्यात वाचकाचं काय पणाला लागलंय? चांगले लेखक या अडचणीतूनच वाट काढतात. ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या १९८५च्या ‘एंडर्स गेम’मध्ये युद्धशाळेतली लहान मुलं सरावाचे खेळ खेळत राहतात आणि खेळ कुठे संपतो, खरं कुठे सुरू होतं, हे त्यांना मोठी माणसं सांगत नाहीत. शेवट मी फोडत नाही. रशियन लेखक दिमित्री ग्लुखोव्स्की यांची ‘मेट्रो २०३३’ आधी इंटरनेटवर आली, मग छापली गेली, मग २०१० मध्ये तिचा गेम झाला. कादंबरीतून गेम आणि गेममधून कादंबरी, अशी ही ये-जा गेली चाळीस वर्षं चालू आहे. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने २०२४ मध्ये ‘इंडस’ हा बॅटल रोयाल आणला. त्याचं जग सिंधू संस्कृतीच्या खुणा घेऊन भविष्यात नेलेलं आहे. म्हणजे विज्ञानकथा आपल्याकडेही खेळली जाते आहे. खेळाच्या जगावर ती लिहिली मात्र फारशी जात नाही, याची मला हळहळ वाटते.

लपवलेलं नाव

परभणीत अभ्यासिकांची एक दुनिया आहे. महिन्याला ठरावीक पैसे भरायचे, एक खुर्ची, एक चार्जिंग पॉइंट, पंखा, पिण्याचं पाणी. सकाळी सहा ते रात्री अकरा. भिंतीवर राज्यघटनेच्या कलमांचे तक्ते. अशाच एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारी एक मुलगी भेटली. मानवत तालुक्यातली, वय तेवीस. जेवणानंतरच्या अर्ध्या तासात ती अर्नेस्ट क्लाइन यांची ‘रेडी प्लेअर वन’ वाचत होती. २०११ची कादंबरी, स्पीलबर्ग यांनी २०१८ मध्ये तिच्यावर सिनेमा काढला.

गोष्ट थोडक्यात अशी. २०४०च्या दशकात जग मोडकळीला आलेलं आहे. गरीब माणसं एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या गाडीघरांत राहतात आणि सगळे जण ‘ओअॅसिस’ नावाच्या आभासी जगात दिवस काढतात. ते बनवणारा हॅलिडे मरतो आणि सांगून जातो की या जगात मी एक वस्तू लपवली आहे, जो शोधेल त्याला माझी सगळी संपत्ती. शोधायची तर हॅलिडेला आवडणारे १९८०च्या दशकातले सिनेमे, गाणी, गेम पाठ हवेत. लाखो मुलं ते पाठ करायला बसतात.

मला ही कादंबरी फारशी आवडलेली नव्हती. अमेरिकी आठवणींची इतकी गर्दी की आपल्या वाचकाला त्यात शिरायला जागाच नाही, असं माझं मत होतं. या मुलीने ते बदललं. ‘‘मॅडम, ही आमचीच गोष्ट आहे. पेपर काढणाऱ्याच्या मनात काय आहे हे कुणाला माहीत नाही. लाखो पोरं सगळं पाठ करतात. जागा थोड्या. आणि ह्यातल्या पोराचं घर बघा, झोपायला जागा नाही म्हणून तो पडक्या गाडीत जाऊन अभ्यास करतो. मी पण घर सोडून इथं खुर्ची भाड्यानं घेतलीच ना.’’ तिने ‘अभ्यास’ हाच शब्द वापरला. अटारीचे गेम तिला माहीत नाहीत. तिने ते वगळले नाहीत, चालू घडामोडींसारखे वहीत टिपून घेतले. ती वही मी पाहिली. डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला एका ओळीत अर्थ.

त्या वहीत एक नोंद ‘अॅडव्हेंचर’ची होती. अटारी कंपनी आपल्या खेळांवर बनवणाऱ्याचं नाव छापत नसे. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने १९८०च्या सुमारास या गेममध्ये एक गुप्त खोली केली. एका जवळजवळ न दिसणाऱ्या राखाडी ठिपक्याने ती उघडायची आणि आत त्याचं नाव. एका पंधरा वर्षांच्या मुलाने ती शोधून कंपनीला पत्र पाठवलं, तेव्हा तिचा गवगवा झाला. अशा लपवलेल्या गमतीला तेव्हापासून ‘इस्टर एग’ म्हणायला लागले. क्लाइन यांची सगळी कादंबरी त्या एका ठिपक्यावर उभी आहे.

मला त्या क्षणी जयंत नारळीकर आठवले आणि मी तिला ती गोष्ट सांगितली. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये विज्ञानकथा स्पर्धा ठेवली. नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ होते. आपलं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आता ती आद्याक्षरं उलटी वाचा. ना. वि. ज. हे ज. वि. ना. होतात: जयंत विष्णु नारळीकर. एकाचं नाव कंपनी लपवत होती म्हणून त्याने ते आत कोरलं. दुसऱ्याचं नाव फार मोठं होतं म्हणून त्याने ते उलटं करून ठेवलं. पुढच्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली आणि मराठी विज्ञानकथेला मोठ्या वाचकांची वाट उघडली.

मुलीने वहीत नवी ओळ घातली. डाव्या बाजूला: ‘ना. वि. ज.’

जनरल रोबोटवाला

अभ्यासिकेच्या खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे बसलेल्या पोरांकडून मला ‘आयडी विकणं’ कळलं. रोज सहा-सात तास खेळून एखादा मुलगा वरच्या रँकला पोचतो, दुर्मीळ पोशाख आणि बंदुकांची रंगसंगती जमवतो. मग ते पूर्ण खातं कुणा शहरातल्या हौशी माणसाला विकतो. पैसे आधी की पासवर्ड आधी, यावर सगळा व्यवहार अडतो आणि फसवणूक तिथेच होते. कंपन्यांचे नियम या विक्रीला परवानगी देत नाहीत, त्यामुळे फसलेला कुणाकडे जाऊ शकत नाही.

नेमक्या याच गोष्टीवर एक कादंबरी आहे आणि तिची नायिका मुंबईची आहे. कॅनडात जन्मलेल्या कोरी डॉक्टरो यांची २०१०ची ‘फॉर द विन’. खेड्यातून धारावीत आलेली माला नावाची मुलगी सायबर कॅफेत खेळता खेळता इतकी तरबेज होते की पोरं तिला ‘जनरल रोबोटवाला’ म्हणतात. एक माणूस तिला आणि तिच्या फौजेला पैसे देतो. काम काय, तर गेममध्ये सोनं खणून विकणाऱ्या दुसऱ्या गरीब पोरांना हाणून पाडायचं. ती दुसरी पोरं चीनमधली. हळूहळू दोन्हीकडच्यांना कळतं की आपण एकाच मालकाच्या दोन टोकांना राबतोय, आणि मग गेमच्या आत कामगार संघटना उभी राहते. मधेमधे लेखक थांबून बाजार कसा चालतो, फुगा कसा फुगतो, साखळी योजनेत शेवटचा कसा बुडतो, हे मुलांना समजावून सांगतो. इंग्रजी प्रत लेखकाने इंटरनेटवर मोफत आणि कायदेशीरपणे ठेवलेली आहे.

दुकानात मी त्यातला धारावीचा भाग मराठीत सांगितला. ऐकणाऱ्यांपैकी एकाने फक्त एक प्रश्न विचारला: ‘‘मालाला दिवसाचे किती मिळायचे?’’

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण घराघरांत तिची गल्लत होते. पैसे लावून खेळायची ऑनलाइन रमी आणि ही खेळबाजी, दोन्हींना इथे ‘गेम’च म्हणतात. कर्जात बुडालेल्या घरांचं दुःख पहिल्यामुळे आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैशांचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. कायद्याने केलेला हा फरक घरातल्या बोलण्यात अजून उतरलेला नाही. परिणामी खेळणाऱ्या प्रत्येक मुलाकडे जुगाऱ्यासारखं बघितलं जातं, आणि त्याला कुणी पुस्तक द्यायला जात नाही.

मागणी रजिस्टर

परभणी वाचणारं गाव आहे. बी. रघुनाथांनी इथे कारकुनी करत कविता आणि कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या नावाचं सभागृह शहरात आहे. १९९५ मध्ये नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन इथे भरलं. निजामाच्या राज्यात मराठी वाचनालय चालवणं हेच एक धाडस होतं, आणि ते धाडस या भागाने केलं. आणि विज्ञानाचं म्हणाल तर या जिल्ह्याच्या नावाने देशभर भेंडी पिकते. केवड्या रोगाला दाद न देणारा ‘परभणी क्रांती’ हा वाण इथल्या विद्यापीठाने रानभेंडीशी संकर करून काढला. ज्या मातीत असं काम होतं तिथे विज्ञानकथा परकी का असावी?

एका सार्वजनिक वाचनालयात मी दुपारभर बसले. ग्रंथपालबाई सांगत होत्या, सर्वांत जास्त फिरतात ती स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, मग ऐतिहासिक कादंबऱ्या, मग आत्मचरित्रं. विज्ञानकथांचा एक कप्पा होता. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. २०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले त्या आठवड्यात त्यांची पुस्तकं लोकांनी मागून मागून नेली होती. ‘व्हायरस’च्या पुठ्ठ्याला नवी चिकटपट्टी लावलेली होती. त्या कप्प्यात गेमच्या जगावर एकही पुस्तक नव्हतं.

‘‘पोरांना काय पाहिजे ते मला कसं कळणार?’’ बाई म्हणाल्या. ‘‘हे मागणी रजिस्टर इथंच टेबलावर असतं. कुणी लिहीतच नाही.’’ मी पानं उलटली. ‘लिपिक भरती’, ‘पोलीस भरती’, ‘मराठी व्याकरण’. एका पानावर कुणीतरी ‘फाफे’, म्हणजे फास्टर फेणे, एवढंच लिहिलं होतं.

अभ्यासिकेतली मुलगी माझ्यासोबत आली होती. तिने पेन मागितलं. तारीख घातली. पुस्तकाचं नाव: ‘रेडी प्लेअर वन’. लेखक: अर्नेस्ट क्लाइन. खालच्या ओळीत ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’, कारण जिंतूरकडच्या मुलाबद्दल मी तिला वाटेत सांगितलं होतं. त्याखाली ‘फॉर द विन’. शेवटचा रकाना भाषेचा होता. तिथे ती थांबली. मग तिन्ही ओळींसमोर तिने ‘मराठी’ लिहिलं.

बाईंनी चष्मा वर केला. ‘‘ही मराठीत आहेत का गं?’’

‘‘असली तर मागवा, मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘नसली तर मागणी तशीच राहू द्या. खोडू नका.’’

बाईंनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं, तिन्ही ओळींपुढे क्रमांक घातले आणि सही केली.